तीन सूत, दोन सूत आणि मास्तरांचे ऑनलाइन प्रशिक्षण

संत तुकारामनगर ते भोसरी एमआयडीसी या पट्ट्यातील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहा. तीन सुती बोल्ट द्या, पाच सुताचा ड्रिल आहे का, दोन सुती वॉशर संपले काय, अशी भाषा कानावर पडेल. एक इंच म्हणजे आठ सूत. तेव्हा तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, मिलिमीटरमध्ये साडेनऊच्या किंचित वर. शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात येऊन बसणाऱ्या सातवीतल्या मुलाला हे पाठ असते. तीन सुती पट्टी आणि दोन सुती पट्टी एकावर एक ठेवली तर जाडी पाच सूत होते, हे तो बोटे न मोजता सांगतो.

हाच मुलगा वर्गात तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश या बेरजेचे उत्तर चार बारांश असे लिहितो. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले, झाले. दुकानात बरोबर केलेली बेरीज तो वहीत चुकवतो, कारण दोन सूत म्हणजेच पाव इंच आणि ही तीच बेरीज आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिक्षिकेला सूत माहीत नाही. वडिलांना अपूर्णांक हा शब्द माहीत नाही. मधल्या मध्ये मूल नापास.

व्यापाराच्या पानावर शाळामास्तरांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या गाळ्यात हेल्पर म्हणून आलेला पोरगा चार वर्षांनंतरही हेल्परच का राहतो, याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा गाडी सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानावर येऊन थांबते. सीएनसी लेथवर झेड अक्षाचे आकडे बहुधा उणे असतात. जॉबच्या तोंडाला शून्य धरले की टूल चकच्या दिशेने जाताना वजा दहा, वजा वीस असे जाते. ऋण संख्या सहावीत शिकवतात. तेथे ज्याचा गोंधळ झाला, तो मशीनसमोर पाठांतराने काम करतो आणि प्रोग्राम बदलला की थांबतो. दशांश चिन्हाचे तर विचारूच नका. काही कंट्रोलरवर पन्नास लिहून पुढे बिंदू द्यायचा राहिला तर मशीन ते पन्नास मिलिमीटर न समजता पन्नास मायक्रॉन समजते, म्हणजे हजारपटीचा फरक. टूल तुटते, जॉब भंगारात जातो, आणि मालक पोराच्या नावाने खडे फोडतो. व्हर्निअरचेही तसेच. एकोणपन्नास मिलिमीटरचे पन्नास भाग केले म्हणून त्याचे लघुतम माप ०.०२ येते. हा सगळा अपूर्णांकांचाच खेळ आहे. खराद चालवणारा जुना उस्ताद ते अंदाजाने करी आणि त्याचा अंदाज चालूनही जाई. चाकणच्या मोठ्या कंपनीला माल द्यायचा असेल तर तपासणीचा कागद लागतो, तेथे अंदाज चालत नाही.

तेव्हा या तीन इयत्तांना गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला कोण शिकवते, हा आपल्या धंद्याचा प्रश्न आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असावा, असे सांगितले. एक म्हणजे बहुतेक लहान शाळांत नेमका एकच. महापालिकेच्या उर्दू शाळेतला हा शिक्षक आपल्या विषयाबद्दल बोलायला शाळेत दुसरा माणूस शोधू लागला तर त्याला तो मिळत नाही. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे मे महिन्यात किंवा ऐन सत्रात आठ-दहा दिवस एखाद्या केंद्रावर जाऊन बसणे असे. वर्ग वाऱ्यावर, घर वाऱ्यावर.

हे सारे आता मोबाइलवर आले आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये दीक्षा हे व्यासपीठ सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोनी ठिपक्यांचे चित्र मोबाइलने टिपले की जे उघडते, ते हेच. २०१९ मध्ये निष्ठा नावाचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम समोरासमोर सुरू झाला, आणि कोरोनामुळे ऑक्टोबर २०२० पासून तो दीक्षावर ऑनलाइन नेण्यात आला. त्याच वर्षी आलेल्या नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास असे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा ठेवली. २०२२ मध्ये महाराष्ट्रात वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले.

दूरवरून शिक्षक घडवणे ही कल्पना काही मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांत सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तेथे नुसता पडदा नव्हता. केंद्रावर साहित्य होते, छापील पुस्तिका होत्या, शंका विचारायला माणूस होता आणि हाताने प्रयोग करायचे होते. आज पडदा खिशात आला, पण बाकीच्या गोष्टी वाटेत गळून पडल्या.

ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे सरकारी थट्टा, असे काही शिक्षकच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ओळखीच्या एका शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. त्यांना सासूचे आजारपण, दोन मुले, शाळा सकाळची. आठ दिवस बाहेरगावी प्रशिक्षणाला जाणे त्यांना कधीच जमले नसते. रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास पाहता येते, न समजल्यास पुन्हा लावता येते, ही सोय लहान नव्हे. पण त्याच बाईंनी हेही सांगितले की चित्रफीत चालू ठेवून त्या उद्याच्या वह्या तपासत होत्या. शेवटी प्रश्नमंजुषा आली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा जमली, प्रमाणपत्र आले. मुख्याध्यापकांनी त्याची प्रत फाइलला लावली. वर्गात काय बदलले, हे पाहायला कोणी आले नाही.

निष्ठाच्या ऑनलाइन कार्यक्रमात अठरा घटक होते. त्यांत गणिताच्या अध्यापनाचा एक, विज्ञानाचा एक. बाकीचे आरोग्य, मूल्यमापन, नेतृत्व, कला, असे सर्वांसाठीचे. ते निरुपयोगी आहेत असे नाही, पण फिटरला आठ दिवस सुरक्षेची आणि स्वच्छतेची भाषणे देऊन अर्धा दिवस कानस हातात दिली तर तो फिटर होईल काय?

आपल्या धंद्यात शिकवण्याची रीत जुनी आहे. शागीर्द आधी पाहतो, मग करतो, मग उस्ताद तपासतो, चुकले तर पुन्हा. आजचे तरुण ऑपरेटर सीएनसीचे प्रोग्रामिंग मोबाइलवर बघूनच शिकतात आणि भराभर शिकतात. मात्र त्यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी मशीन असते आणि चूक झाली की लगेच आवाज येतो. शिक्षकाच्या चुकीचा आवाज वर्गात येत नाही. तो दहा वर्षांनी आपल्या शेडमध्ये येतो.

पिंपरीत हे समजलेला एक माणूस होऊन गेला, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसेल. आयआयटी कानपूरची पदवी घेतलेले अरविंद गुप्ता टेल्कोत, म्हणजे आपल्या येथील ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होते. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यांतल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन तयार केले. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडला कैचीचे आडवे-तिरपे अँगल का लावतात, ते फॅब्रिकेशनवाल्याला हाताने माहीत असते, या काड्यांनी ते सहावीच्या मुलाला डोळ्यांनी दिसते. पुढे बरीच वर्षे ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि पुस्तके इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्याच आयसर संस्थेने ब्रिटिश कौन्सिल, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री आणि हिंजवडीची टाटा टेक्नॉलॉजीज यांच्याबरोबर आयराइज हा गणित-विज्ञान शिक्षकांसाठीचा कार्यक्रम चालवला. त्यात हाताने करण्यावर भर आहे. म्हणजे चांगले साहित्य नाही, ही तक्रार पुण्या-पिंपरीत तरी करता येत नाही.

अडते ते शेवटच्या टप्प्यावर. शिक्षकाने रात्री चित्रफीत पाहिली, सकाळी वर्गात करायचे म्हटले तर व्हॉल्व्हची नळी नाही, चुंबक नाही, बेअरिंग नाही. आणि आपल्याकडे? जुन्या स्पीकरचे चुंबक, झिजलेली बेअरिंगे, कापलेले पाइप, स्प्रिंगा, मोटारीची तांब्याची तार, सगळे किलोवर विकले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीची गोदामे आणि शेड पाडली गेली, तेव्हा किती कुटुंबांची बसायची जागा काही दिवसांत गेली, ते येथे पुन्हा सांगायला नको. अशा माराखालून उठणाऱ्या माणसाकडे देणगी मागण्याची माझी हिंमत नाही. पण पाच किलो निवडक भंगार आणि महिन्यातून एका शनिवारची दुपार, एवढे मागता येईल.

शनिवार यासाठी, की शिक्षकांना गाळ्यात बोलवावे. आठवड्यात मोबाइलवर जो भाग पाहिला, तो येथे हाताने करावा. तरफेचा पाठ असेल तर पाना आणि लांब पाइप, उष्णतेचा असेल तर भट्टी, गुणोत्तराचा असेल तर गिअर किंवा पुली, टक्केवारीचा असेल तर आपली वहीच. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा, हे रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना प्रत्येक घरात बोलले जाते. पण शेकडेवारीच्या धड्यात मात्र बँकेचे व्याज तेवढे येते.

उर्दू माध्यमाची आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. मराठीत मसावि म्हणतात त्याला उर्दू पुस्तकात आदे आजम म्हणतात, अपूर्णांक तेथे कसर होतो, त्रिकोण मुसल्लस. मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, गणिती मांडणी डावीकडून उजवीकडे. मराठी चित्रफीत पाहून उर्दू वर्गात शिकवायचे म्हणजे शिक्षकाला दोनदा काम. पुढे आयटीआयमध्ये, कारखान्यात तिसरीच भाषा. मराठी, उर्दू, इंग्रजी आणि शेडमधली बोली असा चार रकान्यांचा एक तक्ता गणित-विज्ञानाच्या शंभर शब्दांसाठी कोणी तयार केला तर त्याची छपाई आपल्या एखाद्या प्रेसवाल्याला जड जाणार नाही.

दरम्यान शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे आले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ते लागू आहे की नाही, हा प्रश्न त्याच निकालाने मोठ्या खंडपीठाकडे नेण्यास सांगितला. सहावी ते आठवीच्या दीडशे गुणांच्या पेपरात गणित-विज्ञानाचे साठ गुण असतात. पंधरा-वीस वर्षे शिकवलेली माणसे रात्री मोबाइलवर परीक्षेची तयारी करू लागली, तर आधीच फाइलसाठी चाललेले प्रशिक्षण आणखीच मागे पडेल. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोटाचा प्रश्न आहे.

महापालिकेच्या शाळेत आपले मूल असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. तीन चतुर्थांश म्हणजे सहा सूत. त्या बैठकीला आपण जातो तेव्हा पाण्याची टाकी, गणवेश आणि कंपाउंडची भिंत यांवर बोलतो. गणिताच्या बाईंनी या वर्षी कोणते प्रशिक्षण घेतले आणि त्यातले काय वर्गात करून पाहिले, हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. तो दरडावून विचारू नये. बाईंना काय साहित्य हवे, तेही सोबत विचारावे.

आमच्या एका हार्डवेअरवाल्या मित्राने हे ऐकून एक ते आठ सुतांपर्यंतचे आठ बोल्ट प्लायवूडच्या फळीवर तारेने ओळीने बांधले आणि जवळच्या शाळेत नेऊन दिले. खर्च शंभर रुपयांच्या आत. खाली चुना घेऊन त्याने सूत लिहिले होते, अपूर्णांकांची जागा रिकामी ठेवली होती. ती मुलांनी भरायची आहे.