मन घट्ट कर, म्हणजे नक्की काय करायचं?

मंडळी, आमच्या न्हावा शेव्याहून अटल सेतूवर चढलं की पलीकडे शिवडी. पूल झाला २०२४ मध्ये, पण आमच्या पिढीला शिवडी म्हटलं की अजूनही आधी टीबीचं हॉस्पिटल आठवतं. आमच्या लहानपणी अमक्याला 'शिवडीला नेलं' हे हळू आवाजात सांगायचे. घरात क्षय आहे हे लपवायचे, मुलींची लग्नं अडायची ना! आज टीबी औषधांनी बरा होतो हे शाळेतलं पोरही सांगेल.

हे आठवलं ते डिप्रेशनवरून. त्याची आजची गत तेव्हाच्या टीबीसारखीच आहे. गंमत म्हणजे दोघांचं नातंही आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टीबीच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते. तर मरगळून पडलेल्या रोग्यांना भूक लागू लागली, ते हसू-बोलू लागले! नैराश्यावरच्या औषधांची सुरुवात अशी झाली. ते औषध पुढे मागे पडलं, त्याहून सुरक्षित औषधं आली.

आता मुद्द्याचं. आमच्या नात्यातला एक मुलगा गोळ्या आणि समुपदेशन यांनी छान सावरला होता. एका लग्नात चार जणांनी त्याला सांगितलं, "गोळ्यांची सवय लागेल, मन घट्ट कर." त्याने गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, आणि महिन्याभरात पुन्हा अंथरूण धरलं. त्या चौघांपैकी काही जण हे वाचतात. रागावू नका, पण ऐका.

चार दिवस उदास वाटणं म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त, रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायला हवं. म्हाताऱ्या माणसांत तर हा आजार अंगदुखी नि थकव्याच्या रूपात येतो आणि आपण 'वय झालं' म्हणतो. थायरॉइडने किंवा बी-१२ कमी झाल्यानेही असं होतं, म्हणून डॉक्टर रक्तही तपासतात.

यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

आमच्याकडे आणखी एक ऐकू येतं. "बंदरात जमीन गेली, नोकरी नाही, माणूस खचणारच. त्याला डॉक्टर काय करणार?" खचायला कारण आहे, कबूल. पण बांधावरून पडून पाय मोडला तर कारण माहीत आहे म्हणून आपण प्लास्टर घालत नाही का? बांधही दुरुस्त करायचा आणि पायही. देवाला नवस बोला, माझी ना नाही, पण औषध चुकवू नका.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात साधारण वीसातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचं दिसलं, आणि अशा रुग्णांतल्या बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर विमा कंपन्यांनाही मनाचे आजार शरीराच्या आजारांच्या बरोबरीने धरायला लावलंय. कायद्याला पटलं, आपल्याला कधी पटणार?

१४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस'चा नंबर. फोन फुकट, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. वहीत लिहून ठेवा. जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, आणि हा फोन लावा.

असो. लग्नकार्यात पुन्हा असं कुणी भेटलं तर सल्ला देण्याआधी एवढंच विचारा, "जेवलास का? डॉक्टरकडे कधी जायचंय? मी येऊ सोबत?" तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.