वाट दाखवणाऱ्या अ‍ॅपने आधी घड्याळ दाखवावे

#थ्रेड

१/ जुलै २०२१. माउंटेनिअरिंग स्कॉटलंड आणि जॉन म्यूर ट्रस्ट या दोन संस्थांनी जाहीर इशारा दिला: बेन नेव्हिस शिखरासाठी गूगल मॅप्सवर दिसणारा मार्ग जिवावर बेतू शकतो. १,३४५ मीटर उंचीचे हे ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर. अ‍ॅप पर्यटकाला माथ्याच्या सरळ रेषेत सर्वांत जवळ असलेल्या वाहनतळावर नेई आणि तिथून ठिपक्यांची एक रेघ थेट वर जाई. त्या रेघेखाली वाट नव्हती. होता तो उभा, खडकाळ उतार.

२/ ती रेघ केवळ अंतर दाखवण्यासाठी होती, असा खुलासा कंपनीने केला आणि मार्गदर्शनात बदलही केला. परंतु दोष एका रेघेपुरता नव्हता. भटकंतीच्या नियोजनाची अ‍ॅप्स ‘कुठे जायचे?’ या प्रश्नाभोवती रचली जातात. डोंगराशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता, ते आधी विचारत: किती वेळ लागेल, पाणी कुठे मिळेल आणि परत केव्हा फिरायचे?

३/ या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तरही स्कॉटलंडचेच. विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला. नकाशावरील दर तीन मैलांना एक तास आणि चढाईच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आजच्या मापांत १० किलोमीटर सपाटीला सुमारे दोन तास. त्याच अंतरात ६०० मीटर चढ असेल, तर तीन. हा हिशेब धडधाकट माणसाचा, चांगल्या हवेतला आणि विश्रांती न धरता केलेला आहे, हे मात्र विसरू नये.

४/ पुढे एरिक लँगमुर यांनी त्यात उताराची दुरुस्ती केली: सौम्य उतारावर वेळ वाचतो, तीव्र उतारावर उलट वाढतो. १९९३ मध्ये भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी चालण्याचा वेग आणि उतार यांचे गणिती सूत्र दिले. त्यानुसार माणूस सर्वाधिक वेगाने चालतो तो सपाटीवर नव्हे, तर किंचित उतारावर. उतार तीव्र झाला की वेग पुन्हा घटतो. ‘उतरायला काय वेळ लागतो!’ हा समज किती महागात पडू शकतो, ते यावरून ध्यानात यावे.

५/ सह्याद्रीत हे गणित अधिकच कठीण होते. लाव्हाच्या थरांवर थर साचून हे डोंगर घडले. म्हणूनच या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेतील जिन्यावरून आलेला हा शब्द. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर दोन समोच्च रेषांमध्ये साधारणतः २० मीटरचे अंतर असते. जिन्याची पंधरा मीटरची एखादी पायरी, म्हणजेच एक सरळसोट कडा, त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपू शकते. नकाशाला जे दिसत नाही, ते त्यावर आधारलेल्या अ‍ॅपला कसे दिसावे?

६/ इतरांनी नोंदवलेले मार्ग हा यावरचा लोकप्रिय उपाय. पण रानात ढोरवाटा असंख्य असतात. कुणी चुकून त्यांपैकी एकीवर भरकटला, तर त्याची भरकटही नोंदली जाते आणि पुढच्यासाठी तीच ‘वाट’ ठरते. पूर्वी रानातल्या चकव्याच्या गोष्टी सांगत. आता चकव्याची प्रत काढता येते. शिवाय एखादी रेघ ठळक दिसते, याचा अर्थ तिथून पुष्कळ माणसे गेली एवढाच. ती वाट सुरक्षित आहे, असा नव्हे.

७/ आता आपल्याकडचा जुना विचार पाहा. सातवाहनकाळात कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या नाणेघाटात नागनिकेच्या कोरीव लेखाइतकीच लक्षणीय आहेत ती खडकात खोदलेली पाण्याची टाकी. घाट चढून आलेल्या तांड्याला पाणी कुठे मिळेल, हे वाट घडवणाऱ्यांनी ठरवून ठेवले होते. पाणी हा वाटेचाच भाग होता.

८/ रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही दुर्ग बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करण्यावर भर आहे. आणि रायगडाच्या हिरकणीची कथा? ती आख्यायिकाच आहे. पण तिचा सारा ताण एका वेळेवर उभा आहे. सांजावले, दरवाजे बंद झाले. गडाचा दिवस केव्हा संपतो, हे त्या जगात लहानथोरांना ठाऊक होते.

९/ म्हणून अशा अ‍ॅपची पुनर्रचना रंग आणि बटणांपासून सुरू होऊ नये. पहिल्या पडद्यावर तीन प्रश्न असावेत: निघणार केव्हा, गटातील सर्वांत सावकाश चालणारा कोण, महिना कोणता? उत्तरादाखल आधी ‘मागे फिरण्याची वेळ’ यावी, नकाशा त्यानंतर. डिसेंबरात सह्याद्रीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोन वाजता कोणत्या टप्प्यावर असलो तर माथ्याचा मोह सोडावा, हे अ‍ॅपने घरीच सांगायला हवे. टाके श्रावणात भरलेले असते, वैशाखात कोरडे असू शकते. तेव्हा पाण्याची खूण महिन्यानुसार बदलावी. आणि जिथे वाट नाही, तिथे रेघ काढूच नये.

१०/ यावर आक्षेप ठरलेला: इतके प्रश्न विचारले, तर लोक अ‍ॅप काढून टाकतील. आक्षेप खोटा नाही. सूचनांचा भडिमार कुणी वाचत नाही. पण नेस्मिथचा नियम एका वाक्यात मावला, म्हणूनच तो सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला. ‘दोन वाजता जिथे असाल, तिथून परत फिरा’ हेही एकच वाक्य आहे.

११/ वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन निघतात ते पायथ्याच्या गावातले लोक आणि स्वयंसेवी बचावपथके. चुकीच्या रेघेची किंमत रेघ काढणारा मोजत नाही. ती यांना मोजावी लागते. गडकोटांचा इतिहास आवडणाऱ्या तरुणांनी म्हणूनच अ‍ॅपकडे एक मागणी धरावी: वाट दाखवण्याआधी उजेड किती उरला आहे, ते दाखव.