पारपत्र आणि सातबारा

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. अशा गावांतील मुलेही आता परदेशी नोकरीची स्वप्ने पाहतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु परदेशी जाणे वेगळे आणि तेथे स्थायिक होणे वेगळे. पहिल्यास नोकरी पुरते. दुसऱ्याची वाट कायद्याच्या दारातून जाते.

अमेरिकेचेच पाहा. तेथील एच-१बी परवान्याची मुदत सामान्यतः ६ वर्षे. कायम वास्तव्याच्या नोकरीआधारित परवान्यांत मात्र कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांपुरता मर्यादित आहे. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. आणि रांगेतील बापाचे मूल २१ वर्षांचे झाले की त्याचा हक्कही धोक्यात येतो.

पुढे तेथील नागरिकत्व स्वीकारले, तर आपल्या १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ साली सुरू झालेल्या ‘ओसीआय’ योजनेने येण्याजाण्याची सोय झाली. पण त्या कार्डाने मताधिकार मिळत नाही, की शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांचे शेत वारशाने मिळेल. त्याच्या बांधाला लागलेले एकरभर रान मात्र घेता येणार नाही.

तरुणांनी जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जावे, मात्र पगाराच्या आकड्याबरोबर हा हिशेबही आईवडिलांपुढे मांडून जावे. ‘चार वर्षांत परततो’ या पोकळ आश्वासनापेक्षा खरा निर्णय, कटू असला तरी, वृद्धांना अधिक सोसवतो.