विनयाने केलेला अर्ज

दिनांक 7 ऑक्टोबर 1979 रोजी वॉशिंग्टन येथील मरियामातेच्या राष्ट्रीय मंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांच्या दर्शनास हजारो धर्मभगिनी जमल्या असता, अमेरिकेतील संन्यस्त स्त्रियांच्या नेतृत्वमंडळाच्या अध्यक्षा सिस्टर थेरेसा केन यांनी स्वागताच्या औपचारिक भाषणातच, ख्रिस्तसभेची सर्व सेवापदे स्त्रियांनाही खुली होण्याचा विचार व्हावा, अशी विनंती त्यांच्यासमोर ठेवली. तीनच दिवसांपूर्वी फिलाडेल्फियात पोपमहाशयांनी गुरुदीक्षा पुरुषांपुरतीच असल्याचा निर्वाळा दिला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मोजक्या वाक्यांमागचे धैर्य कळते. भाषण संपताच त्यांनी गुडघे टेकून आशीर्वाद घेतला. तथापि पुष्कळांच्या नजरेत खुपला तो त्यांचा साधा नागरी पोशाख, आणि काही धर्मभगिनींनी तर वृत्तपत्रात जाहिरात देऊन पोपमहाशयांची क्षमाही मागितली! अर्जाच्या मजकुरापेक्षा अर्जदाराच्या वेषाची चर्चा अधिक व्हावी, हा अनुभव आपल्याकडील स्त्रियांनाही नवा नाही.

1994 साली त्याच पोपांनी, स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच ख्रिस्तसभेला नाही, असे निर्णायक शब्दांत जाहीर केले. कारण, येशूने निवडलेले बारा प्रेषित पुरुष होते. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. ज्या शुभवर्तमानांच्या आधारावर तो उभा आहे, त्यांतच पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांपर्यंत नेण्याचे काम मग्दालिया मरियेवर सोपविलेले आहे, आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, तो या नात्यानेच. जिला प्रेषितांचीही प्रेषित म्हणून गौरवावे, तिच्याच लेकींना वेदीवर उभे राहण्याची मनाई असावी, ही विसंगती धर्मशास्त्राचा कितीही कीस काढला तरी मिटत नाही.

रोमचे म्हणणे असे, की कारभारात स्त्रियांना वाव दिला जात आहे, आणि ते खोटे नव्हे. 2023 च्या सिनडमध्ये त्यांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला, आणि जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला या व्हॅटिकनच्या एका प्रमुख खात्याच्या पहिल्या स्त्री अधिपती झाल्या. खाते व्रतस्थांच्या संस्थांचे, ज्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून कितीतरी अधिक. तरीही त्याच हुकमान्वये एका कार्डिनलांची सहअधिपती म्हणून योजना करण्यात आली. कार्डिनलमहाशयांच्या योग्यतेबद्दल माझी तक्रार नाही; पण सनद सिस्टरांच्या नावे निघाली असता शेजारी दुसरी खुर्ची मांडण्याचे प्रयोजन काय, एवढे मात्र कुणीतरी सांगावयास हवे होते.