एडीएचडी, आयटी आणि ठिबकचं गणित

रील्सवर सध्या एडीएचडीची चलती आहे. चावी हरवते? असाइनमेंट शेवटच्या रात्री करता? मग तुम्हालाही एडीएचडी आहे, असं कुणीतरी अर्ध्या मिनिटात सांगून टाकतं. पुढच्या रीलमध्ये तीच गोष्ट सुपरपॉवर होते. असा मेंदू म्हणे कोडिंगसाठीच बनलेला असतो! पुण्या-बंगळुरूच्या आयटी नोकरीची स्वप्नं बघणाऱ्या मुक्ताईनगरच्या पोरापोरींनी या दोन्ही दाव्यांकडे जरा सावधपणे बघायला हवं.

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित, लहानपणापासूनची अवस्था. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का, ती घरी, कॉलेजात, कामावर अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी आड येतात का, हे मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. इथे हुशारी कमी नसते, आळसही नसतो. लक्ष हवं तिथे लावणं आणि टिकवणं अवघड जातं. मल्याळम अभिनेता फहाद फासिलला हे निदान चाळिशी ओलांडल्यावर झालं, असं त्यानंच 2024 मध्ये सांगितलं.

मग आयटीत अशा माणसांचं जमतं कसं? तिथल्या कामाच्या काही पद्धती त्यांना मानवतात. मोठा प्रोजेक्ट दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तोडलेला असतो. रोज सकाळी छोटी मीटिंग होते, कोड चुकला तर एरर लगेच समोर येते. आपल्या केळीच्या भाषेत सांगायचं तर हे ठिबक झालं: थोडं थोडं पाणी, थेट मुळाशी. 'सहा महिन्यांनी प्रोजेक्ट सबमिट करा' म्हणजे पाट सोडून देणं. पाणी भरपूर, पण मुळाला लागतं किती?

पण त्याच ऑफिसात चॅट सतत वाजत असतं, मीटिंगांवर मीटिंगा होतात आणि वरून तासांची स्पर्धा. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी गोष्ट 90 तासांवर नेली. झोप मोडली की ज्याचं लक्ष सगळ्यात आधी ढासळतं, त्याला हे जास्तीचे तास महागात पडतात. त्यात जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 12 हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. अशा हवेत 'मला एडीएचडी आहे' असं मॅनेजरला कोण सांगेल?

खरी गोम कायद्यात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे सोयी मागताना कायद्याचा आधार तोकडा पडतो. एक दिलासा मात्र आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

म्हणून सध्याचा व्यवहारी रस्ता असा: निदानाचं नाव न घेताही सोय मागता येते. 'काम तोंडी सांगू नका, लेखी द्या.' 'मोठ्या कामाला मधल्या तारखा लावू या.' 'सकाळचे दोन तास मीटिंग नको.' यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नाही. सवय मात्र कॉलेजातच लावायला हवी. फायनल इयरचा प्रोजेक्ट आठवड्या-आठवड्याच्या तुकड्यांत मांडा आणि दर शनिवारी मित्राला दाखवा.

आणि शंका असेल तर रीलवर विसंबू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. परीक्षेच्या रात्री मित्राची गोळी उसनी घेऊ नका.

हे सगळं एकट्या पोरांनीच निभवायचं, हेही बरोबर नाही. कायद्यात बदल व्हायला हवा, कंपन्यांनीही शिकायला हवं. तोवर कॅम्पसला आलेल्या कंपनीला पॅकेज विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे काम वाटून कसं देतात?