बुडीत जहाजांचे दप्तर

समुद्राने गिळलेल्या जहाजाचा शोध लागल्याची वार्ता आली की पहिली पृच्छा होते ती त्यातील मालाच्या किमतीची, आणि या लोभाची फळे जगाने भोगलेली आहेत. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजातील चिनी मातीची भांडी मायकेल हॅचर याने १९८५ मध्ये उपसून काढली, पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांचा जाहीर लिलाव झाला. भांडी धनिकांच्या दिवाणखान्यांत गेली, परंतु कोणता माल कोणत्या मालाशेजारी रचला होता, हा जो त्या जहाजाचा खरा दस्तऐवज, तो मात्र विस्कटला.

मुरगाव बंदराबाहेरील सुंची रीफ या बुडीत खडकावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आढळले: तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे. पाणघोडा काही सह्याद्रीत चरत नव्हता. आफ्रिकेचा दात आणि चीनची बशी गोव्याच्या दाराशी एकाच खडकावर पडलेली दिसते, तेव्हा जो व्यापार उलगडतो, तो बाजारात एकट्या बशीवरून उलगडणे अशक्य.

म्हणूनच नव्या साधनांचे मोल मोठे. साइडस्कॅन सोनार ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढतो, मॅग्नेटोमीटर वाळूखालच्या लोखंडाचा सुगावा देतो, आणि शेकडो छायाचित्रे संगणकावर जुळवून, एकही खापर न हलवता, अवशेषांची त्रिमितीय प्रतिकृती सिद्ध होते. वास्को द गामाच्या ताफ्यातील, १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजाच्या स्थळी मिळालेली झिजलेली चकती लेसरने तपासली, तेव्हा पाच-पाच अंशांवरच्या पुसट रेषा प्रकट झाल्या व ते नाविकांचे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचे साधन, म्हणजे ॲस्ट्रोलेब, असल्याची खातरी पटली.

अर्थात हीच यंत्रे चोरट्यालाही विकत मिळतात. अवशेष शक्य तो जागच्या जागी राखावेत, व्यापारासाठी उपसू नयेत, असे सांगणारा युनेस्कोचा २००१ चा करार पोर्तुगालने मान्य केला. ज्याच्या समुद्राच्या तळाशी पोर्तुगालची जहाजे निजली आहेत त्या भारताने अद्याप केलेला नाही, हे मला तरी शोभादायक वाटत नाही. करार होईल तेव्हा होवो; तोवर बंदर खात्याने गाळ उपसण्याचा कोणताही ठेका देण्यापूर्वी तळाची सोनार-तपासणी सक्तीची करावी, आणि जाळी वारंवार अडकतात त्या जागा कोळ्यांना विचारून रीतसर दप्तरी नोंदवाव्यात. त्या नोंदींतील अक्षांश-रेखांश मात्र सर्रास खुले नसावेत. पुरातत्त्व खाते, तटरक्षक दल आणि त्या किनाऱ्यावरील मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, एवढ्यांना ते ठाऊक असले म्हणजे पुरे.