जमीन सरकारची, घर आपले : किंमत कशी करावी?

घर आपले व जमीन सरकारची, अशा स्थितीत त्या घराची किंमत काय धरावी? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचा नीट विचार न केल्यास जन्माची पुंजी बुडू शकते. या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील उन्हाळी घरांचे उदाहरण बोधप्रद आहे.

त्या देशात १९१५ च्या कायद्याने सरकारी वनांत हवापालटासाठी घर बांधण्यास मुदतीचा परवाना मिळण्याची सोय झाली. घर परवानेदाराने स्वखर्चाने बांधावयाचे. जमीन मात्र राष्ट्राचीच राहते. आज परवान्याची मुदत फार तर २० वर्षांची असते. अशा घरात कायमचे राहता येत नाही. घर विकले की जुना परवाना संपतो व घेणाऱ्यास नवा मागावा लागतो.

आता अशा एका घराचा हिशेब करून पाहू. समजा, ते आज नव्याने बांधण्यास ६०,००० डॉलर लागतील. घराचे आयुष्य ६० वर्षे. पैकी २० सरली. तेव्हा झीज वजा जाता ४०,००० डॉलर उरतात, म्हणजे वर्षास १,०००. परंतु परवान्याची आठच वर्षे उरली असतील व पुढे तो मिळण्याची हमी नसेल, तर सावध माणसाने ८,००० डॉलरच खरे धरावेत. घर उचलावे लागल्यास त्याचा खर्च त्यातून वजा करावा व कामास येणाऱ्या लाकडाची किंमत मिळवावी. शेजारचे तसेच घर दीड लाखास विकले गेले, हा दाखला येथे लागू नाही. कारण त्या सौद्यात मालकीची जमीनही होती.

जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००० च्या कायद्याने नैसर्गिक स्थितीतील जागेच्या बाजारभावावर ५ टक्के वार्षिक शुल्क ठरले. जेथे जागांचे भाव चढले, तेथे शुल्क इतके वाढले की सामान्य कुटुंबांना ते झेपेना. म्हणून २०१४ मध्ये ६५० ते ५,६५० डॉलरच्या श्रेणी ठरविण्यात आल्या व पुढे महागाईच्या मानाने त्यांत फेरफार करण्याची तरतूद झाली.

शुल्क आधी कळणारे असावे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि ते जागेच्या खऱ्या मोलाहून फार कमी राहिले, तर तो फरक घराच्या विक्री-किमतीत शिरतो. तळे व झाडी जनतेची. त्यांचा पैसा मात्र विकणाऱ्याच्या पदरात पडतो! म्हणून मूल्यांकनात घर, जागा व उरलेली मुदत यांचे आकडे वेगवेगळे मांडलेच पाहिजेत.

हा विचार आपल्याकडेही उपयोगी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात भोगवटादार वर्ग-१, वर्ग-२ व शासकीय पट्टेदार असे भेद केलेले आहेत. शासकीय पट्ट्याच्या जागेवरील घर किंवा पर्यटकांसाठी बांधलेली झोपडी कोणी विकावयास काढली, तर भिंती व कौले पाहण्यापूर्वी सातबारा व पट्ट्याचा करार पाहावा. मुदत किती उरली, हस्तांतरास परवानगी लागते काय, मुदतीअंती बांधकामाचे काय होणार, हे तीन प्रश्न ग्रामसेवक बंधूंनी प्रत्येक शेतकऱ्यास आवर्जून विचारावयास सांगावे. इसार देण्यापूर्वी विचारलेला प्रश्न फुकट असतो. नंतर विचारलेला फार महाग पडतो.